भिंगऱ्या आणि कोरडा फोन

आमच्या घरातल्या बादलीत दोन वर्षं आंघोळीचं पाणी कमी आणि धाकट्या भावाचा फोन जास्त होता. मी बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली असायचे आणि न्हाणीघरातून हाक यायची, "ताई, लाव!" मी सुई तशीच कापडात रोवून ठेवायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि त्याला फोन लावायचे. बादलीच्या तळातून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, घसा बसल्यासारखी रिंग ऐकू यायची. "वाजला! ठेव आता!" जरा वेळ शांतता. मग पिशवी उलटी करून, मग तिच्यावर दगड ठेवून, मग पाण्यात साबण घालून पुन्हा तेच. "ताई, लाव!" खालच्या मजल्यावरच्या काकूंची बरेच दिवस अशी समजूत होती, की आमच्याकडे कुणाचं तरी पोट कायमचं बिघडलंय आणि मी बाहेरून धीर देतेय.

त्याला वेड लागलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. त्याचं काम पाण्यावरचं होतं. शहराच्या कडेला मोठा तलाव आहे, तिथे एक कयाक क्लब आहे. कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आलटून पालटून मारायचं. हौशी लोक येतात, त्यांना भाऊ तलावातल्या बेटापर्यंत नेतो आणि धड परत आणतो. आणि याच भावाच्या फोनवर एक फोन यायचा होता. तो चुकला असता तर मी मेले असते. इतकं साधं होतं.

भिंगऱ्या हे नाव त्याला वडिलांनी ठेवलं. पायाला भिंगरी लावलेली माणसं सगळीकडे असतात, पण आमच्या भावाला ती जन्मतःच बसवून मिळाली होती. जेवायला उभा. अभ्यासाला येरझाऱ्या. झोपेतही पाय चालू. आई मला म्हणायची, "याच्या पायाला पट्टा जोड, तुझं यंत्र फुकटात चालेल." मोठा झाल्यावर नोकऱ्या लागत गेल्या आणि सुटत गेल्या. एका कचेरीत खिडकीमागे बसवला, तर हा खिडकीबाहेर येऊन रांगेतल्या लोकांशी गप्पा मारायचा. एका मोठ्या दुकानात लिफ्टमन झाला. मी म्हटलं, चला, दिवसभर वरखाली, जिवाला बरं वाटेल. तर हा बटण दाबून लिफ्टमधून बाहेर उडी मारायचा आणि जिन्यानं धावत सुटायचा, कोण आधी पोचतं ते बघायला. लग्नही झालं, पण टिकलं नाही. ती बिचारी जाताना मला म्हणाली, "ताई, माणूस वाईट नाही हो. पण रोज फलाटावर राहिल्यासारखं वाटतं." मी तिला थांब म्हटलं नाही. मलाही तसंच वाटायचं, फक्त मला जायला दुसरं घर नव्हतं.

कयाक त्याला चाळिशी उलटल्यावर भेटली. क्लबाच्या मालकांनी त्याला होड्या वाहायला ठेवला होता. हे मालक म्हणजे मोठ्या पोटाचे, थोडक्या शब्दांचे गृहस्थ. एकदा माणूस कमी पडला म्हणून त्यांनी याला होडीत बसवला. आठवडाभरानं मी त्याचा विसरलेला डबा द्यायला धक्क्यावर गेले होते. मालकांना विचारलं, "भाऊ कुठाय?" त्यांनी हनुवटीनं लांब पाण्यावरचा एक ठिपका दाखवला. मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हटलं, "तो नव्हे. तो माणूस बसलाय."

"तोच आहे," मालक म्हणाले.

वल्हं मांडीवर आडवं टाकून तो नुसता बसला होता. पाय हलत नव्हते. मान हलत नव्हती. इतक्या वर्षांत मी त्याला तसा पाहिला नव्हता. मला एकदम रडू आलं, आणि ते मालकांना दिसू नये म्हणून मी डब्याचं घट्ट असलेलं झाकण आणखी घट्ट लावत राहिले.

त्यानंतर तो घरीसुद्धा जरा माणसात आला. संध्याकाळी खुर्चीत बसून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत बसायचा, हे महत्त्वाचं.

मग माझ्या किडन्या गेल्या. अगदी न सांगता, परगावी निघून जावं तशा. पाय सुजले, तोंड सुजलं, मला वाटलं वय झालं. डॉक्टर म्हणाले, वय नाही, किडनी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. हाताच्या शिरेत दोन जाड सुया, रक्त बाहेर जाणार, यंत्रातून धुऊन परत आत येणार. मी जन्मभर लोकांच्या सोफ्यांची कव्हरं शिवली, धुवायला सोपी जावीत म्हणून मागून चेन लावून दिली. आता माझीच धुलाई सुरू झाली. पाणी बेतानं प्यायचं, कारण प्यायलेलं बाहेर पडायचं नाही, अंगातच साठायचं. भिंगऱ्यानं माझ्यासाठी एक बाटली ठरवून दिली आणि येता-जाता तिच्यातली पातळी बघायला लागला. फोनमध्ये पाणी शिरू नये आणि बहिणीतही शिरू नये, अशी दोन कामं बिचाऱ्याच्या मागे लागली.

स्वतःची किडनी द्यायला तो पहिल्याच दिवशी उभा राहिला. हॉस्पिटलात त्यानं शर्टाची बाही वर केली. किडनी दंडात असते अशी त्याची समजूत असावी. तपासण्या झाल्या. जुळलं नाही. लहानपणापासून आमचं कशावरच जुळलं नव्हतं, तर रक्तानं तरी का जुळावं? मी तेव्हा हसले होते. तो हसला नाही. हॉस्पिटलच्या आवारात गाड्यांच्या मधून तो इतका वेळ फिरत राहिला, की रखवालदारानं येऊन विचारलं, गाडी सापडत नाहीये का.

मग उरलं वाट पाहणं. कुणीतरी जाईल, त्याच्या घरची माणसं मोठ्या मनानं हो म्हणतील, आणि आपला क्रमांक लागला असेल तर फोन येईल. हॉस्पिटलात या कामाच्या एक बाई आहेत. त्यांनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "दोन नंबर द्या. आधी पहिल्यावर लावू, मग दुसऱ्यावर. दोन्हींवर कुणी उचललं नाही, तर मला पुढच्या पेशंटला विचारावं लागतं. किडनी थांबत नाही हो."

पहिला नंबर भावाचा दिला. माझा दुसरा. कारण माझा फोन मी उचलत नाही, ही गोष्ट जगजाहीर आहे. यंत्र चालू असलं की मला छप्पर कोसळलेलं कळणार नाही. फोन कापडाच्या ढिगाखाली जातो, शोधेपर्यंत थांबतो. शिवाय आमच्या घराला फोन उचलायची सवयच नाही. आई असल्यापासूनची रीत आहे: एक रिंग द्यायची आणि ठेवायचं. एक रिंग म्हणजे "मी ठीक आहे, पोचले." ज्याला वाजली त्यानं समजून घ्यायचं. जास्त काही असेल तर घरी आल्यावर बोला, तोंड आहे ना. डायलिसिस आटपून मी टॅक्सीनं घरी आले की भावाला एक रिंग द्यायचे. तो पाण्यावर असला तरी त्याला तेवढं पुरायचं.

आता कुणी म्हणेल, मग काठावरच का नाही बसला? बसवला होता. मालकांनी त्याला टेबलाशी बसवून लोकांची नावं लिहायला दिली. चार दिवसांत त्यानं टेबलाचा पाय ढिला केला आणि दोन गिऱ्हाइकं घालवली. मालक म्हणाले, "फोन माझ्याकडे ठेव, मी उचलतो." पण मालक दुपारी जेवले की खुर्चीत झोपतात, आणि ते झोपले की शेजारी बँड वाजवला तरी उठत नाहीत. शेवटी भाऊ पाण्यावर गेला आणि फोन त्याच्या गळ्यात गेला.

फोन टचस्क्रीनचा असला तरी साधा होता, जुना. पाण्याचा शिंतोडा उडाला तरी रुसणारा. सुरुवातीला त्यानं तो स्वयंपाकघरातल्या चेनच्या पिशवीत घातला; तिच्या कोपऱ्यातून पाणी आलं. सुदैवानं आत फोनऐवजी साबणाची वडी ठेवून बघितलं होतं. मग घट्ट झाकणाचा डबा आणला. त्यात फोन कोरडा ठणठणीत राहिला, पण वाजलेला काही ऐकू येईना. "अगं, डब्याला कान लावून वल्हं कसं मारू?" असं मलाच विचारलं, जणू डबा मी जन्माला घातला होता. मग फोनचाच म्हणून मिळतो तो पारदर्शक पाउच आणला, वर दुहेरी घडी आणि खटकन बसणारी पट्टी. तो मात्र टिकला. पण बुडाला तर थेट तळ गाठणार. तेव्हा मी सोफ्याच्या उशीतला फोम कापून त्याला बाहेरून नारिंगी अंगरखा शिवला. शिवताना मी पाउचला सुई लावली नाही. जिथे टाका, तिथे भोक, आणि जिथे भोक, तिथे पाणी, एवढं मला कुणी शिकवायला नको. आणि आत फोनच्या मागे जांभळ्या सुती अस्तराचा एक तुकडा सरकवून दिला. कोरडा असला की फिका दिसतो, थेंब जरी लागला तरी गडद होतो. लांबूनच कळावं, पाउच उघडायला नको. पाण्यावर पाउच उघडायचा नाही, ही त्यानं स्वतःला घातलेली शपथ होती.

मग बादली. मग तलाव. काठाजवळ, मध्यावर, बेटाच्या पलीकडे. तो तिथे जाऊन हात हलवायचा, मालक धक्क्यावरून मला फोन करायचे, मी घरून, यंत्र बंद ठेवून, भावाला एक रिंग द्यायचे, आणि तो लांबून वल्हं वर करायचा. ऐकू आलं. कोरडा राहिला. तरंगला. सगळं बघून झालं. एवढं करून आम्ही दोघांनी एक गोष्ट कधीच बघितली नाही. आमच्याच घरच्यांकडून व्हावी अशी चूक. त्या पाउचमधला फोन वाजलेला आम्ही शंभरदा ऐकला, पण एकदाही उचलला नाही. उचलायचा कशाला? वाजला ना?

हे सगळं सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. पुन्हा एकदा मी अशीच धक्क्यावर गेले, तेव्हा तो एका तरुण मुलीला घेऊन परत येत होता. चार वेळा वल्हं मारायचा की एकदा हात छातीवर, पाउच आहे ना ते बघायला. मग पाउच उचलून अस्तराचा रंग बघायचा. मग पुन्हा चार वेळा वल्हं. होडीत त्याचे गुडघे हलत होते, त्यामुळे ती थरथरत होती, आणि पुढे बसलेली मुलगी घाबरून कडा धरून बसली होती. साऱ्या जगात एकच जागा होती जिथे हा माणूस बसत होता, आणि ती मी त्याच्यापासून काढून घेतली होती. मला माझ्या किडन्यांचा आला नाही एवढा राग त्या नारिंगी अंगरख्याचा आला.

त्या संध्याकाळी मी बोलले. "माझं नाव काढून टाकायला सांगते हॉस्पिटलातल्या त्या बाईंना. मला नको तो फोन."

तो खोलीत फेऱ्या मारत होता, थांबला. "का?"

"तुझी दशा बघ. पाण्यावर पण माझा घोर तुझी पाठ सोडत नाही. मी अशीच जगेन, यंत्रावर, आठवड्यातून तीनदा."

"किती दिवस?"

"जेवढे असतील तेवढे."

"आणि मग मी काय करू?" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "मोकळ्या होडीत बसून राहू? शांत? तू गेलीस म्हणून शांत? अक्कल आहे का तुला, ताई?"

त्यानं माझी पाण्याची बाटली उचलली, पातळी बघितली, खाली ठेवली आणि न्हाणीघरात गेला. थोड्या वेळानं आतून आवाज आला. "लाव."

मी लावला. एक रिंग.

ज्या दिवशी फोन आला, त्या दिवसाची हकिकत मला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितली. भावाला ती नीट सांगता येत नाही. सांगताना तो खोलीभर फिरतो आणि अर्धी गोष्ट दुसऱ्या खोलीत सांगतो. या बाई त्या दिवशी त्याच्या दोघांच्या होडीत पुढे बसल्या होत्या. चढतानाच पाय घसरून पाण्यात पडल्या होत्या, तो त्यांना काढताना गळ्यापर्यंत भिजला होता, त्यामुळे होडीत दोघंही नखशिखांत ओले. बेट जवळ आलं होतं. वारा सुटला होता, बाई मजेत होत्या, एक दिवस कुणाचं तोंड बघायला नको म्हणून.

पाउचमध्ये फोन वाजला.

एक रिंग. भावाला वाटलं, मीच. डायलिसिसचा दिवस नव्हता, पण असेल काही. त्यानं वल्हं मारायला उचललं. आणि दुसरी रिंग झाली. आमच्या घरात दुसरी रिंग नसतेच.

त्यानं पाउच डोळ्यांसमोर धरला. हॉस्पिटलचा नंबर. अंगठा टेकवला, सरकवला. काही नाही. पुन्हा सरकवला. ओला अंगठा, वर ओलं प्लॅस्टिक, फोनला बोट लागतंय की पाण्याचा थेंब, हे कळतच नव्हतं. अंगठा शर्टाला पुसला, शर्ट ओला. चड्डीला पुसला, ओली. केसांना, केसांतून पाणी गळत होतं. डॉक्टरीणबाईंना मागून आवाज आला, "मॅडम, तुमचं काही कोरडं आहे का?"

बाई दचकल्या. म्हणाल्या, "काय?"

"काहीही! काहीही कोरडं!"

बाईंनी स्वतःला चाचपून पाहिलं. नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा हा नाकानं फोन सरकवत होता. नाकही ओलं. रिंग चालू होती, चालू होती, आणि थांबली.

बाई मला म्हणाल्या, "मी रोज घाबरलेले चेहरे बघते हो. पण तसा चेहरा नाही पाहिला."

त्याच वेळी घरी माझा फोन वाजत होता. तंबूच्या जाड कापडाच्या चार घड्या मी यंत्राखाली घातल्या होत्या, यंत्र खडखडत होतं आणि फोन त्याच कापडाच्या दुसऱ्या टोकाखाली दबला होता. मला काही ऐकू आलं नाही.

आणि भावाला ते ठाऊक होतं. आता तिकडे वाजत असेल, आणि ही काही उचलायची नाही. इकडेतिकडे सगळं पाणी. काठ लांब. मालक झोपले असणार. त्यानं पाउचकडे पाहिलं, आणि त्याला प्लॅस्टिकच्या आतून माझा जांभळा तुकडा दिसला. फिका. कोरडा ठणठणीत. अख्ख्या तलावात तेवढी एकच गोष्ट कोरडी होती.

त्यानं वल्हं बाईंच्या हातात दिलं, "होडी हलवू नका" म्हणाला आणि पाउचची पट्टी खटकन उघडली. दोन बोटांच्या चिमटीनं अस्तर ओढून काढलं, अंगठा पुसला, तळहात पुसला, पुन्हा अंगठा पुसला. फोन बाहेर काढून लावला. तिकडे लाइन व्यस्त, कारण हॉस्पिटलच्या बाई माझ्या नंबरवर लावत होत्या. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा लागला.

"मी पुढच्या पेशंटचा नंबर काढतच होते," हॉस्पिटलच्या बाई म्हणाल्या. "येताय ना?"

"येतोय," भाऊ म्हणाला. "आलोच. आम्ही आलोच. काढू नका नंबर."

मग त्यानं फोन पाउचमध्ये कोंबला आणि वल्हं घेतलं. पाउच बंद करायला तेवढं भान कुठलं? उघड्या तोंडानं तो गळ्यात लटकत राहिला आणि प्रत्येक वल्ह्याबरोबर पात्यावरचं पाणी आत ओघळत गेलं. डॉक्टरीणबाईंनीही हातानं पाणी मारलं म्हणे. काठाला लागेपर्यंत फोन केव्हाच गेला होता.

मालकांना त्यानं गदागदा हलवून उठवलं. ते उठले, यावरून किती हलवलं असेल ते समजा. त्यांनीच गाडी काढली.

दार उघडं होतं. मी यंत्रावरून मान वर केली, तर दारात भाऊ. अंगावरून पाणी ठिबकतंय, छाती भात्यासारखी चाललीय, आणि गळ्यात तो पाउच, काठोकाठ पाण्यानं भरलेला. आत फोन, टाकीत सोडायला पिशवीतून आणलेल्या माशासारखा. ज्या पिशवीत पाणी शिरू नये म्हणून आम्ही दोन वर्षं घालवली, तिच्यातून आता पाणी बाहेर पडत नव्हतं.

माझा जीव तिथेच गोळा झाला. मग तो गोळा तोंडावाटे बाहेर पडला. "बुडवलास! शेवटी बुडवलासच ना! दोन वर्षं बादलीत डोकं घालून बसला होतास, आणि..."

त्यानं भिंतीला हात टेकला, एकदा श्वास घेतला, आणि म्हणाला, "ताई, चप्पल घाल."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मला चप्पल घालता येईना. डाव्या पायाची उजव्या पायात जायला लागली. त्यानं खाली बसून, स्वतः गळत असताना, माझ्या पायात चपला घातल्या. उठताना त्याच्या मुठीत मला जांभळं काहीतरी दिसलं. ते पिळलं तर पाणी निघालं असतं इतकं ओलं झालं होतं.

पुढचं हॉस्पिटलचं आहे. तपासण्या, सह्या, पुन्हा तपासण्या, जुळतंय की नाही याची ती जीवघेणी वाट. यावेळी जुळलं. मला आत नेलं तेव्हा भाऊ अजून त्याच ओल्या कपड्यांत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता, आणि मागे फरशीवर पावलांची ओली ओळ उमटत होती. त्या दिवशी आणखी एका घरी फोन वाजला असणार आणि तिथल्या माणसांनी तो उचलून हो म्हटलं असणार. ती कोण, हे आम्हाला सांगत नाहीत. मी रोज पाण्याचा पेला तोंडाला लावते तेव्हा मला त्यांची आठवण येते. अख्खा पेला. एका दमात.

बरं व्हायला बरेच महिने गेले. त्या महिन्यांत भावानं नवा फोन घेतला, त्याला नवा पाउच घेतला, आणि बाहेर कुठे निघाला की सवयीनं गळ्यात अडकवायचा. मी एकदा विचारलं, "आता कुणाचा फोन यायचाय?" तो म्हणाला, "कुणाचा नाही," आणि काढला नाही.

परवा डॉक्टरांनी मला बाहेर फिरायची मोकळीक दिली. मी त्याला म्हटलं, मला तलावावर घेऊन चल. मालकांनी धक्क्यावर खुर्ची टाकली, स्वतः पलीकडच्या खुर्चीत बसले आणि लगेच झोपले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. भावानं एकट्याची होडी पाण्यात ढकलली. मी हात पुढे केला.

"काय?" तो म्हणाला.

"फोन दे इकडे."

"अगं, पण काही लागलं तर..."

"मी इथे आहे. हा काय मालकांचा पोटोबा शेजारी आहे. दे."

त्यानं गळ्यातून पाउच काढला. एकदा छातीवर हात फिरवला. मग पाउच माझ्या मांडीवर ठेवला आणि गेला.

तो लांब लांब गेला. सुरुवातीला एकदोनदा त्याचा हात छातीकडे जाताना दिसला. बेटाच्या अलीकडे ठिपका झाला. मी बघत होते आणि माझं काही ठीक चाललं नव्हतं. कधी खुर्ची पुढे सरकव, कधी मागे. पाय खाली टेकव, वर घे. वारा वाढतोय का? होडी कलतेय का? माझा गुडघा हलत होता हे मला खुर्ची करकरायला लागल्यावर कळलं. हा रोज पाण्यावर जायचा आणि मी घरी खुशाल यंत्र चालवत बसायचे, हे मला कसं जमत होतं कोण जाणे.

शेवटी राहवेना. पिशवीतून मी माझा फोन काढला आणि सवयीनं त्याला एक रिंग दिली.

माझ्या मांडीवर फोन वाजला. मालक झोपेत कूस बदलायला गेले आणि खुर्चीत अडकले. मी घाईनं ठेवून दिला आणि समोर पाहिलं. तिकडे काहीच ऐकू गेलेलं नव्हतं. वल्हं मांडीवर आडवं होतं. पाय हलत नव्हते, मान हलत नव्हती. तो बसला होता.